न्यूयॉर्कच्या सुट्टीत 'सॅटर्डे नाईट लाईव्ह'ला जायचंय? रांगेपासून खुर्चीपर्यंत सगळं क्रमानं

'सॅटर्डे नाईट लाईव्ह' या अमेरिकेतल्या विनोदी टीव्ही कार्यक्रमाचं तिकीट विकत मिळत नाही. ते फुकट असतं. कुणी डॉलर घेऊन देतो म्हणाला, तर तो फसवतोय एवढं पक्कं धरा. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पहिल्या वेळी मी 'कितीला पडतं?' हाच प्रश्न मनात धरून शोधायला बसले आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या. इथे वेळ द्यावा लागतो, थंडी सोसावी लागते आणि सहलीचे दोन दिवस या एका गोष्टीभोवती बांधावे लागतात. तेवढी तयारी असेल तर पुढे वाचा.

मी दोनदा गेले. माझी नणंद न्यू जर्सीत एडिसनला राहते. पहिल्या वेळी आम्ही दोघी गेलो आणि बाहेरूनच परत आलो. पुढच्या वर्षी भाचाही बरोबर होता आणि तिघंही आत बसून कार्यक्रम बघून आलो. मधल्या काळात जे शिकले ते इथे लिहिते.

ज्यांना हा कार्यक्रम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. ११ ऑक्टोबर १९७५ ला तो सुरू झाला. मॅनहॅटनमध्ये ३० रॉकफेलर प्लाझा नावाची उंच इमारत आहे, तिच्या आठव्या मजल्यावर एनबीसी या वाहिनीचा '८एच' स्टुडिओ आहे. शनिवारी रात्री साडेअकराला तिथून दीड तास थेट प्रक्षेपण होतं. दर आठवड्याला नवा पाहुणा सूत्रधार, एक गायक किंवा बँड आणि बाकी सगळी स्किट्स. ती स्किट्सही त्याच आठवड्यात लिहिलेली असतात. हा स्टुडिओ मुळात रेडिओच्या जमान्यातला. १९३७ पासून प्रसिद्ध संगीत-संचालक आर्तुरो तोस्कानिनी इथेच एनबीसीच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम करत.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच शनिवारी रात्री ८ वाजता, त्याच स्टुडिओत, खऱ्या प्रेक्षकांसमोर संपूर्ण रंगीत तालीम होते. आपल्याकडे नाटकाच्या रंगीत तालमीला घरची माणसं आणि दोनचार जाणकार बसतात. इथे तुमच्याआमच्यासारख्यांना बसवतात आणि आपण कुठे हसलो, कुठे गप्प राहिलो ते बघून साडेअकराला काय दाखवायचं ते ठरवतात. पाहुणा म्हणून जाणाऱ्यानं या तालमीलाच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते पुढे येईलच.

१. विमानाचं तिकीट काढण्याआधी वेळापत्रक बघा

कार्यक्रम वर्षभर नसतो. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला हंगाम सुरू होतो आणि मेच्या मध्याला संपतो. तेवढ्या काळातही साधारण २० भागच होतात. दोनतीन आठवडे सलग कार्यक्रम, मग एकदोन आठवडे सुट्टी, अशी त्याची चाल असते. नाताळच्या आधीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मोठी सुट्टी. त्यामुळे जून-जुलैमध्ये जाणाऱ्यांना हा कार्यक्रम मिळणारच नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पोचलात तर मात्र शेवटचे भाग सापडू शकतात.

पुढचे दोनतीन भाग कधी आणि सूत्रधार कोण, हे थोडे दिवस आधी जाहीर होतं. सूत्रधार खूप लोकप्रिय असेल तर रांग लांबते. तुम्हाला फक्त अनुभव हवा असेल, तर ज्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही असा सूत्रधार असलेला शनिवार निवडा.

२. शनिवार जमत नसेल तर

कितीतरी जण न्यूयॉर्कला सोमवार ते गुरुवार असतात. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्याच इमारतीत रात्री दाखवले जाणारे गप्पांचे आणि विनोदाचे दोन कार्यक्रम होतात: जिमी फॅलनचा 'द टुनाईट शो' ६बी स्टुडिओत चित्रित होतो आणि सेथ मायर्सचा 'लेट नाईट' ८जी स्टुडिओत. दोघांनीही २०१४ च्या फेब्रुवारीत आपापली सूत्रं हाती घेतली. हे कार्यक्रम दिसतात मध्यरात्रीच्या आसपास, पण चित्रित होतात त्याच दिवशी संध्याकाळी, आणि जवळजवळ न थांबता. दोन्हींची तिकिटं 'वनआयोटा' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तारखा काही आठवडे आधी खुल्या होतात. बातम्यांवर विनोद करणाऱ्या 'द डेली शो'चा स्टुडिओ मात्र दुसरीकडे, अकराव्या ॲव्हेन्यूवर, ५१ आणि ५२ व्या रस्त्यांच्या मध्ये आहे.

इथे एक फसगत होते. हातात तिकीट आहे म्हणजे खुर्ची पक्की, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. काही जण येणारच नाहीत हे धरून खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं दिलेली असतात, आणि रिकामी खुर्ची कॅमेऱ्यात दिसलेली कुणालाच नको असते. म्हणून तिकिटावरच्या वेळेच्या आधी जाऊन उभं राहा. वेळेवर पोचलेला माणूसही कधीकधी उशिरा आलेला ठरतो.

जुन्या प्रवासयाद्यांवर विसंबू नका, हेही इथेच सांगून टाकते. उदाहरणार्थ सीबीएस वाहिनीचा 'द लेट शो' अजून कितीतरी याद्यांमध्ये आहे, पण तो मे २०२६ मध्ये बंद करणार असल्याचं सीबीएसनं जुलै २०२५ मध्येच जाहीर केलं होतं.

३. तिकिटाचे दोन रस्ते, आणि आपल्या कामाचा एकच

पहिला रस्ता सोडतीचा. दरवर्षी फक्त ऑगस्ट महिन्यात एक ईमेल पाठवायचा. नाव निघालं तर दोन तिकिटं मिळतात, पण तारीख ते ठरवतात. भारतातून जाणाऱ्याला याचा उपयोग जवळजवळ शून्य. न्यूयॉर्कच्या जवळपास राहणाऱ्या तुमच्या नातेवाइकांना मात्र हा ईमेल जरूर पाठवायला सांगा.

दुसरा रस्ता स्टँडबायचा. निमंत्रितांपैकी जे येत नाहीत त्यांच्या जागा रांगेतल्यांना देतात. त्यासाठी त्या आठवड्याच्या गुरुवारी, न्यूयॉर्कच्या सकाळी १० वाजता ऑनलाइन नोंदणी खुली होते. अलार्म लावा. दहाला दोन मिनिटं कमी असताना पान उघडून बसा. जागा बघता बघता संपतात. पहिल्या वेळी मी चहाचा कप घेऊन निवांत दहा वाजून चार मिनिटांनी बसले होते. नोंदणी मिळाली, पण खूप मागची.

तुम्ही गुरुवारी अजून भारतातच असाल आणि शुक्रवारी पोचणार असाल, तरी नोंदणी इथून करता येते. वेळेचा हिशेब नीट करा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. घड्याळं पुढे असताना तिथले सकाळचे १० म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. मागे असताना आपले रात्रीचे साडेआठ. या एका तासात चुकलात तर तो आठवडा गेला.

नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. पासपोर्टवर मधलं नाव असेल तर तेही. दारावर ओळखपत्र तपासतात आणि तिथे 'घरी मला या नावानं हाक मारतात' हे चालत नाही.

नोंदणीतच विचारतात: ८ ची रंगीत तालीम की साडेअकराचं थेट प्रक्षेपण? एकच निवडता येतं.

४. तालीम घ्या

पहिल्या वेळी आम्ही अर्थातच थेट प्रक्षेपण निवडलं. एवढ्या लांब आलोय तर खरं तेच बघू, असा विचार. रांगेतल्या बहुतेकांचाही तोच असतो. शनिवारी रात्री इमारतीच्या आत, गळ्यात मफलर तसाच ठेवून, आम्ही आकडे पुकारले जाताना ऐकत होतो. मग पुकारणं थांबलं. एक मुलगी अतिशय सौम्यपणे म्हणाली की आजच्या जागा संपल्या. आमच्या पुढेही बरेच जण होते, तेही तसेच परतले. यात कुणाची चूक नव्हती. स्टँडबाय म्हणजेच कसलीही हमी नाही, आणि हे मनाशी पक्कं करूनच जायला हवं.

तालमीची बाजू मी का घेते, ते सांगते. तिथे तुम्हाला जास्त बघायला मिळतं. थेट कार्यक्रम दीड तासाचा. तालीम साधारण दोन तास चालते, कारण ठेवायच्या असतात त्यापेक्षा जास्त स्किट्स ते करून बघतात. तीच वेशभूषा, तेच नेपथ्य, तोच पाहुणा, तीच गाणी. तालीम संपली की निर्माते लॉर्न मायकल्स यांच्या खोलीत बैठक होते. काही स्किट्स गळतात, काहींचा क्रम बदलतो, काहींचे संवाद कापले जातात, आणि हे सगळं तासाभरात. म्हणजे काही गोष्टी अशा असतात की त्या फक्त तालमीला बसलेल्यांनीच पाहिलेल्या असतात.

शिवाय आपले आईवडील बरोबर असतील तर रात्री १ वाजता संपणारा कार्यक्रम त्यांना जड जातो. तालमीनंतर सव्वादहा-साडेदहाच्या सुमारास तुम्ही रस्त्यावर असता.

थेट प्रक्षेपणाची धडधड वेगळी, हे मान्य. चूक झाली तर ती लाखो लोकांसमोर होणार, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक असतं. तुमचा मुक्काम महिनाभराचा असेल आणि दोन शनिवार हाताशी असतील, तर एकदा तेही करून बघा. एकच शनिवार असेल तर तालीम.

५. शुक्रवारची रात्र

नोंदणीचा ईमेल आला म्हणजे काम झालं असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ७ पासून इमारतीच्या ४९व्या रस्त्याकडच्या बाजूला, एनबीसी स्टुडिओजच्या पाटीखाली रांग लागते. मध्यरात्र उलटली की नंबर घातलेली स्टँडबाय कार्डं वाटतात. तुमच्या ईमेलमध्ये जी वेळ दिली असेल तीच प्रमाण माना, कारण नियम हंगामागणिक बदलतात. पूर्वी लोक रात्रभर फुटपाथवर झोपायचे आणि शनिवारी सकाळी ७ वाजता कार्डं मिळायची. इंटरनेटवर ती जुनी वर्णनं अजूनही जशीच्या तशी आहेत. ती वाचून शनिवारी पहाटे कुणी गेलं तर तिथे रिकामा रस्ता दिसेल.

४७-५० स्ट्रीट्स रॉकफेलर सेंटर हे मेट्रोचं स्टेशन अगदी जवळ आहे. बी, डी, एफ आणि एम या गाड्या तिथे थांबतात.

एका माणसाला एकच कार्ड मिळतं, आणि ते त्यानं स्वतः उभं राहून घ्यायचं. 'आई हॉटेलवर दमून झोपलीय, तिचंही द्या' असं होत नाही. वयाची अट १६ वर्षांची. पहिल्या वेळी भाचा १५ चा होता. येण्यासाठी त्यानं खूप हट्ट केला, पण नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी सोळावं लागल्यावर पहिला फोन त्यानं मला केला, "मामी, आता कधी येतेस?" मुलांना आशा लावण्याआधी त्यांचं वय बघा. काही कार्यक्रमांना तर १८ पूर्ण लागतात.

बरोबर काय हवं:

- मूळ पासपोर्ट. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही.
- नोंदणीचा ईमेल, फोनमध्ये साठवून. रांगेत रेंज गेली तर अडायला नको.
- चार्ज केलेली पॉवर बँक.
- थरांचे कपडे, टोपी, हातमोजे, जाड मोजे.
- बसायला काहीतरी जाड. वर्तमानपत्राच्या दोन घड्याही खूप उपयोगी पडतात.
- पाणी बेतानंच.

शेवटच्या ओळीचं कारण उघड आहे. स्वच्छतागृह ही त्या रांगेतली सगळ्यात खरी अडचण आहे. रात्र वाढली की आसपासची दुकानं आणि उपाहारगृहं बंद होत जातात. म्हणून एकट्यानं जाऊ नका. एकानं जाऊन यायचं, दुसऱ्यानं जागा सांभाळायची, आणि पाठीमागच्यांना आधी सांगून जायचं. फार वेळ गायब राहिलात तर जागा गेली समजा.

थंडीबद्दल मनापासून सांगते. दुसऱ्या वेळी आम्ही नोव्हेंबरात होतो. हवामानाच्या ॲपवर ४ अंश दिसत होतं आणि मी म्हटलं, महाबळेश्वरला यापेक्षा काय वेगळं असणार. पण ४९व्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींच्या मधून वारा सरळ येतो आणि तुम्ही पाच तास एकाच जागी उभे असता. तासाभरात बुटांच्या तळव्यातून गारठा वर चढायला लागला. नणंदेनं पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून आणली होती. ती काढताना बोटं इतकी आखडली होती की फॉइल उलगडेना. शेवटी भाच्यानं दातांनी फाडलं. पुढे उभ्या असलेल्या एका जोडप्यानं त्यांच्याकडची हात शेकायची छोटी पाकिटं आम्हाला दिली. ती कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात, आधीच घेऊन ठेवा. डिसेंबरात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. रॉकफेलर सेंटरचं नाताळचं झाड बघायला आलेल्या गर्दीमुळे आजूबाजूचे रस्ते अडवलेले असतात. अर्धा तास जास्त धरा.

रांगेत कुणी येऊन 'माझी जागा घ्या, इतके डॉलर द्या' म्हणालं तर नको म्हणा. नोंदणी नावावर असते, ओळखपत्र बघतात, पैसे जातील आणि आतही जाता येणार नाही.

कार्ड हातात आलं की त्यावरचा आकडा आणि परत यायची वेळ तिथल्या तिथे वाचा, फोटो काढून ठेवा, आणि सरळ झोपायला जा. मेट्रो रात्रभर चालते.

६. शनिवार

दिवस मोकळा असतो, पण पायांची काळजी घ्या. आम्ही दुपारी फक्त सेंट्रल पार्कमध्ये बसून होतो.

कार्डावरच्या वेळेच्या निदान पाऊण तास आधी पोचा. पाठीवरची मोठी सॅक, खरेदीच्या पिशव्या, चाकाची बॅग हे सगळं हॉटेलवर ठेवा. सुरक्षा तपासणी विमानतळासारखी असते. सामान ठेवायची सोय होईल या भरवशावर जाऊ नका. कपडे नीटनेटके, मोठी अक्षरं किंवा कंपनीचं चिन्ह नसलेले असावेत. आत पाय ठेवलात म्हणजे कॅमेऱ्यात दिसायला तुम्ही संमती दिलीत, असंच धरतात.

मग वाट बघणं. स्टँडबायच्या लोकांना आकड्यांच्या क्रमानं उभं करतात आणि जागा मोकळ्या होतील तसं थोडे थोडे जण आत सोडतात. शेवटच्या दहा मिनिटांतही अचानक बोलावणं येतं. कुणी 'आता काही होत नाही' म्हणून निघून गेलं की त्याच्या मागच्याचं नशीब उघडतं, म्हणून अधिकृतपणे सांगेपर्यंत हलू नका. एकत्र आलेल्यांना शेजारी शेजारी बसायला मिळेलच असं नाही. मिळेल त्या खुर्चीला हो म्हणा. भाचा आमच्यापासून दोन रांगा पुढे बसला होता.

वरच्या मजल्यावर जाण्याआधीच स्वच्छतागृहात जाऊन या. एकदा बसलात की मधेच उठणं जवळपास अशक्य असतं.

७. आत गेल्यावर

स्टुडिओ बघून पहिली प्रतिक्रिया एकच असते: एवढासाच? टीव्हीवर तो मोठं नाट्यगृह वाटतो. प्रत्यक्षात जागा अरुंद आणि लांबट आहे, डोक्यावर दिव्यांची गर्दी, खाली वायरींचं जाळं. स्टँडबायच्या लोकांना बरेचदा वरच्या सज्जात जागा मिळते. मधल्या रंगमंचावर सुरुवातीचं भाषण होतं आणि बँड वाजतो. स्किट्स मात्र खोलीत वेगवेगळ्या कोपऱ्यांत होतात. त्यामुळे एखादं स्किट तुमच्या अगदी खाली होतं, तर एखाद्याचे फक्त कॅमेरामनचे खांदे दिसतात. वर टीव्हीचे पडदे टांगलेले असतात. पूर्ण दिसत नसेल तेव्हा संवादांसाठी पडद्याकडे बघा, पण अधूनमधून खाली नजर टाकत राहा. घरी बसून जे कधीच दिसणार नाही ते खालीच चाललेलं असतं.

मी सगळ्यात जास्त बघितली ती क्यू कार्डं. या कार्यक्रमात नट आजही हातानं लिहिलेल्या मोठ्या पुठ्ठ्यांवरून संवाद वाचतात. आमच्या खालच्या कोपऱ्यात एक माणूस कॅमेऱ्याला चिकटून, छातीपाशी पुठ्ठ्यांचा गठ्ठा धरून उभा होता. नटाचं वाक्य संपतंय न संपतंय तोच वरचा पुठ्ठा सरकून खाली जायचा, अजिबात आवाज न होता. एका पुठ्ठ्यावर एक ओळ कापडी पट्टीसारखा पांढरा कागद चिकटवून झाकलेली होती आणि त्यावर नव्यानं लिहिलं होतं. म्हणजे ते वाक्य कुणीतरी थोड्याच वेळापूर्वी बदललं होतं. माझ्यासाठी त्या पांढऱ्या पट्टीत सगळा कार्यक्रम होता.

दुसरी बघण्याची गोष्ट म्हणजे जाहिरातींच्या वेळातली धावपळ. एक स्किट संपलं की कामगार स्वयंपाकघराची अख्खी भिंत उचलून नेतात, तिच्या जागी कचेरीची भिंत येते, टेबलावर फोन आणि कप ठेवले जातात, कुणीतरी सूत्रधाराला धावत पडद्यामागे नेतं आणि तो दुसऱ्याच केसांचा टोप घालून परत येतो. हे सगळं दोनतीन मिनिटांत. तालमीतही तितक्याच घाईनं, कारण ती घाईचीसुद्धा तालीम असते.

फोन बंद. फोटो नाही, चित्रण नाही, 'फक्त एकच' सुद्धा नाही.

आता हसण्याबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की आपण परके, आपण जरा दबूनच बसावं. कृपा करून असं करू नका. या कार्यक्रमात हशाची ध्वनिफीत लावत नाहीत, जे ऐकू येतं ते खोलीतल्या माणसांचंच. तालमीत तर त्या हशावरच स्किटचं भवितव्य ठरतं. जे आवडलं त्याला मोकळेपणानं हसा. जे कळलं नाही त्याला उगाच शेजाऱ्याकडे बघून हसू नका, लिहिणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नसतो.

कळण्यासाठी थोडी तयारी मात्र करा. विनोद त्या आठवड्याच्या बातम्यांवर असतात आणि बोलणं फार वेगानं चालतं. आधीचे चारपाच दिवस अमेरिकेतल्या ठळक बातम्या रोज अर्धा तास वाचा. 'वीकेंड अपडेट' नावाचा खोट्या बातमीपत्राचा भाग मध्यावर येतो, त्याला याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. पाहुण्या सूत्रधाराचे अलीकडचे एकदोन चित्रपट कोणते आणि सध्या तो कशासाठी चर्चेत आहे, एवढंही पुरे. नणंदेनं शुक्रवारी रांगेत उभ्याउभ्या मला त्या आठवड्यातल्या राजकारणाची उजळणी करून दिली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच स्किटमध्ये त्यातल्या तीन गोष्टी आल्या आणि मी सगळ्यांबरोबर, त्यांच्याच क्षणाला हसले. तो आनंद मोठा होता.

८. परतताना

थेट प्रक्षेपणाला गेलात तर बाहेर पडायला रात्रीचा १ वाजून जातो. न्यू जर्सीत उतरला असाल तर पेन स्टेशनवरून सुटणारी शेवटची गाडी आधी बघून ठेवा, ती चुकली तर पहाटेपर्यंत खोळंबा आहे. जर्सी सिटी किंवा होबोकनला राहणाऱ्यांना ३३व्या रस्त्यावरून पाथ रेल्वे रात्रभर मिळते.

तालमीला गेलात तर मुक्काम त्या एका रात्रीपुरता मॅनहॅटनमध्येच ठेवा, जमल्यास चालत जाता येईल इतक्या अंतरावर. कारण साडेअकराला टीव्ही लावायचा आहे. आम्ही तेच केलं. हॉटेलच्या खोलीत ओव्हरकोट न काढता तिघं पलंगाच्या कडेवर बसलो. मगाशी ऐकलेलं सुरुवातीचं भाषण आता थोडं आखूड झालं होतं. तिसऱ्या क्रमांकाचं स्किट पहिल्यावर आलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीचं स्किट, ज्याला खोलीत फारसं कुणी हसलं नव्हतं, ते आलंच नाही. आणि ती पांढऱ्या पट्टीची ओळ आली तेव्हा नट ती वेगळ्याच शब्दांत बोलला. तालीम संपल्यावर कुणीतरी पुठ्ठ्यावर आणखी एक पट्टी चिकटवली असणार. या वेळी स्टुडिओत हशा मगाचपेक्षा मोठा झाला. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामी, हे आता बरं झालं ना?"